फोटोच्या पाठीवर

दसरा झाला की आमच्या घरी झाडलोट निघते आणि माळ्यावरचे डबे खाली येतात. पत्र्याचे चौकोनी डबे, पूर्वी बेकरीत बिस्किटं यायची तसले. एकूण २६. झाकण उघडलं की हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, पुसटसा वास अजून येतो. आत खाकी पाकिटं आणि पाकिटांत बटर पेपरात ठेवलेल्या निगेटिव्ह. कोल्हापूरचा पावसाळा फिल्मला मानवत नाही, बुरशी धरते. म्हणून ऑक्टोबरच्या कडक उन्हात रिकामे डबे अंगणात तापवायचे, निगेटिव्ह तेवढ्या वेळ सावलीत वारा खात ठेवायच्या आणि संध्याकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी लावायचं. चिवड्याचे पोहे आणि माझे डबे एकाच उन्हात वाळतात. आमच्या दिवाळीची सुरुवात गेली कित्येक वर्षं अशीच होते.

प्रत्येक पाकिटावर नाव, गाव, तारीख आणि रोलचा नंबर. १९८८ पर्यंतचं अक्षर माझं आहे. त्यानंतरचं सगळं माझ्या बायकोचं, गोल आणि एका रेषेत बसलेलं. लग्न होऊन आली आणि महिन्याभरात तिनं रजिस्टर हातात घेतलं. या धंद्यानं आम्हाला जे काही दिलं, त्यात त्या रजिस्टरचा वाटा कॅमेऱ्याहून मोठा आहे. तो कसा, तेच आज सांगायचं आहे.

मी बारावी झालो १९८१ साली. वडील उद्यमनगरात लेथवर होते. पोरानं आयटीआय करावं आणि आपल्या शेजारच्या मशीनवर उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा. मी मात्र महाद्वार रोडच्या मागच्या बोळातल्या एका स्टुडिओत जाऊन बसायला लागलो. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर रंकाळा आणि कारंजं. मागच्या खोलीला काळं कापड, ती डार्करूम. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मीही अण्णाच म्हणायला लागलो. पगार काय मिळणार हे विचारायचं धाडस झालं नाही आणि त्यांनीही ते सांगितलं नाही. महिना भरला तेव्हा त्यांनी खिशातून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, “आईकडं दे.”

पहिले आठ महिने कॅमेऱ्याला हात लावायला मिळाला नाही. झाडून काढायचं, ट्रे धुवायचे आणि रसायनं तोलायची. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा होता. त्यावर मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, सोडा आणि शेवटी चिमूटभर ब्रोमाइड. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाइट नंतर घालायचं. क्रम चुकला की मेटॉल पाण्यात उतरत नाही, मग अख्खी बाटली मोरीत ओतावी लागते. डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि मे महिन्यात कोल्हापूर तापलेलं. मग मी सायकलवरून बर्फाचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणायचा आणि ट्रेखालच्या परातीत ठेवायचा.

तांबड्या दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडला की आधी केस उमटतात. मग मिशा, बुबुळं, कपाळावरचं कुंकू. चेहरा सगळ्यात शेवटी येतो. अण्णा ट्रेचा एक कोपरा हलकेच उचलायचे आणि खाली ठेवायचे, पाळणा हलवावा तसा. चेहरा आला की म्हणायचे, “आला, घे.” मी चिमट्यानं कागद उचलून पाण्यात आणि मग हायपोत टाकायचो. धुतलेले फोटो चकचकीत पत्र्यावर रोलरनं चिकटवून ग्लेझरवर ठेवायचे. वाळले की आपोआप सुटतात आणि सुटताना टक् असा बारीक आवाज येतो. दुपारच्या शांततेत तो टक्-टक् आवाज ऐकत आम्ही डबा खायचो.

जेवण झालं की अण्णा फोटो उलटे मांडायचे आणि मऊ पेन्सिल घेऊन एकेकाच्या पाठीवर लिहायचे. नाव, तारीख, निगेटिव्हचा नंबर. पेन चालायचं नाही. शाई पुढून दिसते आणि बॉलपेनचा दाब चेहऱ्यावर उमटतो. पासपोर्टचा एवढासा फोटो असला तरी हे चुकायचं नाही. मी एकदा कंटाळून विचारलं, “अण्णा, माणूस उद्या फोटो न्यायला येणारच आहे. त्याचं नाव त्याला ठाऊक आहे की.”

ते म्हणाले, “त्याला ठाऊक आहे. त्याच्या नातवाला कोण सांगणार? पाठीवर नाव नसलं तर फोटो पोरका होतो, लेका.”

मला ते तेव्हा फारसं पटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली एक संध्याकाळ मात्र मनात घट्ट बसली. अण्णांनी दुपारीच स्टुडिओ बंद केला. मी सवयीनं कॅमेऱ्याची पेटी उचलायला गेलो, तर म्हणाले, “आज कॅमेरा नको. नुसता उजेड बघायचा.” आम्ही अंबाबाईच्या देवळात जाऊन उभे राहिलो. किरणोत्सवाचे दिवस होते. नऊ, दहा, अकरा नोव्हेंबर आणि पुन्हा एकतीस जानेवारी ते दोन फेब्रुवारी, असे वर्षातून दोनदा मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरा ओलांडतात आणि देवीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखाला. आम्ही तिन्ही दिवस गेलो. पहिल्या दिवशी ती सोनेरी पट्टी फरशीवरून सरकत येताना मी पाहिली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की उजेडाला दिशा असते, वजन असतं आणि वेळ असते. घरी परत येताना अण्णा एवढंच बोलले, “उजेड त्याच्या वेळेला येतो. आपण त्याआधी जागेवर असायचं.”

पुढे चाळीस वर्षं मी कुठल्याही कामावर अर्धा तास आधी पोचत आलो. त्याचं मूळ त्या तीन संध्याकाळी आहे.

नावाचा धडा मला अण्णांकडून नव्हे, खासबागेत मिळाला. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते कुस्तीचं मैदान, १९१२ सालापासूनचं. तिथली कुस्ती पाहायची तर आधी तांबड्या मातीचा वास छातीत भरून घ्यावा लागतो. अण्णांचा जुना कॅमेरा घेऊन मी आखाड्याच्या कडेला बसलो होतो. शेवटची मोठी कुस्ती, दिवस कलायला आलेला. दोन्ही पहिलवान बराच वेळ एकमेकांच्या मानेवर रेलून होते. मग एकदम वरच्यानं बगल दिली, खालच्याचे पाय हवेत गेले आणि मी बटण दाबलं. पाठ अजून मातीला टेकलेली नव्हती, चार बोटं अंतर राहिलं होतं आणि त्या चार बोटांत उडालेली माती दिसत होती. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो.

डार्करूममध्ये घाईघाईनं प्रिंट काढली आणि ओलीच घेऊन सायकलवरून एका दैनिकाच्या कचेरीत गेलो. वृत्तसंपादकांनी फोटो दिव्याखाली धरला, बराच वेळ पाहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “वरचा कोण? खालचा कोण?”

मी म्हणालो, “वरचा जिंकला, साहेब.”

“ते दिसतंय. त्याला आईबापानं काही नाव ठेवलंय की नाही?”

मला दोघांचीही नावं ठाऊक नव्हती. ते शांतपणे म्हणाले, “नावं घेऊन या. बिननावाचा फोटो छापत नसतो.” रात्री दहाला मी गंगावेशीतल्या तालमीत पोचलो. वस्तादांना उठवून दोघांची नावं, गावं, वजनं विचारून घेतली. परत येईपर्यंत पान गेलं होतं. फोटो एक दिवस उशिरा छापून आला. खाली दोन्ही पहिलवानांची नावं होती. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. त्या रात्रीपासून खिशातली वही सुटली नाही. आधी फोटो, लगेच नाव, डावीकडून उजवीकडे कोण, गाव कोणतं. पुढे तीनचार वर्तमानपत्रांची कामं मिळाली, ती फोटोंच्या बरोबरीनं या वहीमुळे मिळाली. आमच्या फोटोखालच्या ओळी तपासाव्या लागत नाहीत, हे त्यांना माहीत झालं होतं.

१९८४ साली मी स्वतःचा कॅमेरा घेतला. सेकंडहँड याशिका मॅट १२४ जी. आईनं भिशीचे पैसे दिले, उरलेले अण्णांनी, आणि ते त्यांनी माझ्याकडून कधीच पूर्ण परत घेतले नाहीत. दोन भिंगांचा तो कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या काचेत बघायचं. चित्र डावं-उजवं उलट दिसतं. नवरी उजवीकडे सरकली की काचेत ती डावीकडे जाते. हाताला सवय व्हायला दोन महिने लागले. पण त्या कॅमेऱ्यापुढे फोटोग्राफरला वाकावं लागायचं, मान झुकवावी लागायची. समोरची माणसं त्यामुळे मोकळी व्हायची, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

१२० चा रोल घातला की चौकोनी बारा फोटो. कधी पूर्व जर्मनीचा ओर्वो मिळायचा, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. लग्नाला तीन रोल ठरलेले, म्हणजे छत्तीस फोटो. त्यात हळद आली, देवक आलं, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, विहिणींची पंगत आणि पाठवणी आली. शिवाय नवरदेवाच्या मामाचा स्वतंत्र फोटो राहिला तर मामा जेवायचे नाहीत. बटण दाबण्याआधी प्रत्येक वेळी मनात हिशोब असायचा की अजून किती उरले आणि काय काय बाकी आहे. आजही माझा हात एकदम चालत नाही. आधी बघतो, मग दाबतो.

कामं कशी मिळायची, हे नवी मुलं विचारतात. जाहिरात करण्याची आमची ऐपत नव्हती. ‘फ्रीलान्स’ हा शब्दही आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता, लोक ‘फोटोवाला’ म्हणायचे. एका लग्नाच्या पंगतीत पुढची दोन लग्नं ठरायची. त्यासाठी एकच गोष्ट लागायची. सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत फोटो देतो म्हटलं की पूजेच्या सकाळी अल्बम घरात पोचला पाहिजे. फोटोची तारीफ चारजण करतात, दिलेला शब्द पाळला हे मात्र सगळं गाव लक्षात ठेवतं.

घरात कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि लग्नतिथींना तांबड्या पेन्सिलीनं गोल. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू, मध्ये पौष रिकामा, ज्येष्ठापर्यंत कामं. आषाढ लागला की चार महिने शांतता. पहिल्या दोन पावसाळ्यांत घरात फार ओढाताण झाली. मग शिकलो की वर्षाचे बारा महिने एका कामावर उभे राहत नाहीत. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने होतेच. सप्टेंबरापर्यंत त्यांच्या वार्षिक सभा, म्हणजे पावसाळ्यात अहवालासाठी फोटो लागायचे. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन आणि मग गव्हाणीत मोळी टाकायचा समारंभ. कारखान्याच्या आत उसाच्या रसाचा गोड, गरम वास, भिंगावर वाफ धरायची. रुमालानं पुसत, श्वास रोखून फोटो काढायचो. एका ठिकाणी माझं बिल वर्षभर टेबलावरून टेबलावर फिरलं, तेव्हा दोन नियम केले आणि ते आजवर मोडले नाहीत. काम किती आणि दर काय हे आधी कागदावर लिहून घ्यायचं आणि अर्धी रक्कम आगाऊ घ्यायची. मैत्रीतल्या कामालाही हेच. त्यामुळे पुष्कळ मैत्र्या टिकल्या.

मधल्या दिवसांत मी सायकलवर पांढरी चादर बांधून खेडोपाडी फिरायचो. निराधार योजनेच्या, पेन्शनच्या अर्जाला फोटो लागायचा. देवळाच्या ओवरीत चादर बांधायची, पाट ठेवायचा आणि म्हाताऱ्या माणसांना एकेक करून बसवायचं. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात एक आजी काही केल्या समोर बघेनात. “फोटू काढला की आयुष्य कमी होतंय म्हणं,” त्या म्हणाल्या. हे भय फार जुनं आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांनी स्टुडिओ काढला, तेव्हा कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो या समजुतीनं गिऱ्हाईकच फिरकेना. मी आजींच्या शेजारी जाऊन बसलो, काचेतून त्यांना समोरचं तुळशीवृंदावन दाखवलं. उलट दिसणारी तुळस बघून त्या हसल्या. मग पदर नीट केला, सुरकुतलेले हात गुडघ्यावर ठेवले आणि सरळ भिंगात पाहिलं.

सहा वर्षांनी त्यांचा नातू आला. आजी गेल्या होत्या. घरात एकही फोटो नव्हता. त्यानं गावाचं नाव सांगितलं, साल अंदाजानं सांगितलं आणि बायकोनं दहा मिनिटांत पाकीट काढून दिलं. अर्जापुरता काढलेला तो फोटो मोठा करून आम्ही दिला. चंदनाचा हार घातलेला तो फोटो मी पुढे त्यांच्या घरात भिंतीवर पाहिला.

पहाटे कुणी दार वाजवलं की ओळखायचो, मयताचा फोटो. घरातलं माणूस गेलं की लोक आम्हाला बोलवायचे. ज्याच्याबरोबर कधी फोटो काढला नाही, त्याच्या उशाशी सगळे एकदाच बसायचे. अण्णांची शिकवण होती की तिथं आवाज करायचा नाही, फ्लॅश एकदाच मारायचा, पैशाचं नाव काढायचं नाही. घरचे लोक तेराव्यानंतर आपणहून आणून देत. अशा पाकिटांवर अण्णा बारीक फूल काढायचे. माझ्या डब्यांत ती फुलांची पाकिटं आहेत. ती उघडताना अजून हात हळू होतो.

दुसऱ्यांची नावं मी काळजीनं लिहीत होतो, पण माझं नाव कुठंच नव्हतं. एका मासिकानं माझा जोतिबाच्या यात्रेतला फोटो मुखपृष्ठावर छापला. गुलालात न्हालेली सासनकाठी आणि ती पेलणाऱ्या माणसाच्या मानेच्या ताणलेल्या शिरा. नाव नाही, मानधन नाही. विचारायला गेलो तर फोटो कुठून आला हेही कुणाला आठवेना. त्या आठवड्यात रबरी शिक्का करून घेतला. नाव, पत्ता आणि ‘परवानगीशिवाय छापू नये’. एका वकिलांकडे बसून कायदा समजून घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला हक्क तो काढणाऱ्याचा. पण कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे लग्नाचे फोटो त्या घराचे, जोतिबाचा फोटो माझा. ही एवढी गोष्ट कळायला मला सात वर्षं लागली. नव्या मुलांनी ती पहिल्या दिवशी शिकावी.

फोटोग्राफर होमाई व्यारावाला यांच्याविषयी वाचलं, तेव्हा माझ्या दुःखाचा आकार मला कळला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंना ‘बॉम्बे क्रॉनिकल’ एका फोटोचा एक रुपया द्यायचं. सुरुवातीचे त्यांचे कितीतरी फोटो पतीच्या, माणेकशांच्या नावानं छापले गेले, कारण बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी काम थांबवलं नाही. २०११ साली देशानं त्यांना पद्मविभूषण दिला, तो त्यांच्या स्वतःच्या नावानं. आणि आमच्या पिढीच्या मराठी माणसाला फोटोग्राफरचं नाव वाचायची सवय लावली ती गौतम राजाध्यक्ष यांनी. रसायनशास्त्राचा हा माणूस, लिंटास या जाहिरात कंपनीत काम केलेला, १९८७ साली पूर्ण वेळ स्वतंत्र झाला. मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी काढलेला चेहरा दिसला की लोक आत उलटून नाव शोधायचे. दिवाळी अंक हातात आला की मी ती मुखपृष्ठं खिडकीशी नेऊन बघायचो. गालावर उजेड कुठून आला, डोळ्यात ठिपका कुठं पडला, हे बोटानं शोधायचो. माझ्यासाठी ती शाळाच होती.

रंगीत फोटो आले, तेव्हा रोल धुवायला एसटीच्या पार्सलनं बाहेरगावी जायचे आणि परत येईपर्यंत झोप लागायची नाही. मग कोल्हापुरातच लॅब झाल्या, मशीनमधून तासाभरात फोटो यायला लागले. अण्णांचा ग्लेझर बंद पडला. ते गेले त्या वर्षी डार्करूमचं काळं कापड मी घडी करून घरी आणलं. २००५ साली मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, निकॉन डी ७०. छत्तीस फोटोंची मर्यादा एका दिवसात गेली. मला नवीन कॅमेऱ्यांविषयी प्रेमच आहे, देवळातल्या समईच्या उजेडातही ते चेहरा टिपतात. फक्त आमच्या घरी एक गोष्ट बदलली नाही. कार्ड रिकामं करण्याआधी बायको रजिस्टर उघडते आणि विचारते, “कोण कोण होतं?”

आणि मग आला २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर चढलं. चिखली, आंबेवाडी पाण्याखाली गेली, शहरातल्या पेठांत नावा फिरल्या. आमचं घर उंचावर, ते वाचलं. पाणी उतरल्यावर लोक घरं धुवायला परतले आणि चार दिवसांनी आमच्या दारात माणसं येऊ लागली. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत चिखलानं जड झालेले अल्बम.

आम्ही अंगणात टब मांडले. ओले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर वाळू द्यायचे नाहीत, वाळले की कायमचे गेले. गार, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचे आणि आपोआप सुटतील तसे सोडवायचे. चित्राला बोट लावायचं नाही. मग तोंड वर करून सावलीत वाळवायचे. हायपोत पक्के करून नीट धुतलेले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो बरेच वाचले. छापील पानांचे नवे जाड अल्बम मात्र विटेसारखे घट्ट झाले होते, ते उघडलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी आंबेवाडीकडच्या एक बाई आल्या, पन्नाशीच्या. त्यांच्या पिशवीत अल्बम नव्हताच, तो वाहून गेला होता. “दादा, माझं लग्न तुम्हीच काढलं होतं. एकोणनव्वद साली. सगळे नकोत. एकच बघा. बाबांचा.” त्यांचे वडील लग्नानंतर दोन वर्षांत गेले होते. फोटोला उभे राहायचेच नाहीत, कायम कामात. लग्नातला तेवढा एक होता.

बायकोनं रजिस्टर उघडलं. अकरा नंबरचा डबा, मधलं पाकीट. त्यावर तिच्याच अक्षरात, तीस वर्षांपूर्वीची ओळ: रोल ३, नं. ७, मुलीचे वडील, पाठवणी, मांडवाच्या खांबाशी. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली. काळ्या चेहऱ्यावर पांढरा फेटा दिसायला हवा, तर उलटं, पांढऱ्या चेहऱ्यावर काळा फेटा. बाईंना काही कळेना. मी ती स्कॅन केली आणि पडद्यावर सरळ केली. खांबाला टेकलेला एक उंच माणूस, फेट्याचा शेमला हातात घेऊन डोळ्याला लावलेला. बाई काही बोलल्या नाहीत. पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. बायकोनं आत जाऊन चहा टाकला.

प्रिंट हातात दिली तेव्हा त्यांनी ती आधी उलटी करून पाहिली. पाठीवर बायकोनं मऊ पेन्सिलीनं त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि लग्नाची तारीख लिहिली होती. त्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “आता नातीला दाखवता येईल.” अण्णांचं ते बोळातलं बोलणं, मला तेव्हा न पटलेलं, त्या क्षणी पुरतं समजलं.

त्या महिन्यात आम्ही किती घरांचे फोटो परत दिले, याची नोंद रजिस्टरात आहे. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. ती लोकांची ठेव होती, आमच्या माळ्यावर सुरक्षित राहिली एवढंच.

या वाटेनं येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी म्हणतो, या. कॅमेरा जुना असला तरी चालेल. वेळेआधी पोचा, शब्द पाळा, व्यवहार कागदावर ठेवा, ज्याचा फोटो काढाल त्याचं नाव विचारा आणि काढलेलं जपून ठेवा. एवढ्यावर एक घर चालतं, मुलं शिकतात आणि गावोगाव आपली माणसं होतात. माझं झालं आहे.

आणि हा अंक वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. भाऊबीजेला घर भरलेलं असेल, जुनी माणसं हाताशी असतील. कपाटातले फोटो खाली काढा. मोबाइलमधले चार निवडून छापून आणा. आजीला, काकांना, आत्याला विचारा, हा कोण, हे कुठलं, साल कोणतं. आणि मऊ पेन्सिल घेऊन प्रत्येक फोटोच्या पाठीवर नाव लिहा. सांगणारी माणसं आज घरात आहेत, म्हणून आजच लिहा.